रिकामी नऊ मिनिटं

दामूअण्णा नलावड्यांचा उजवा हात मळेवाडीच्या तालुका दूध संघात चौतीस वर्षं राबला आणि पस्तिसाव्या वर्षी त्याचं नाव शाळेत घातलं गेलं.

अण्णा स्वतः नववीपुढे गेले नव्हते. पण त्यांचा हात आता राज्यातल्या एकशे चाळीस शाळांत अकरावीच्या मुलांना शिकवत होता. मळेवाडीच्या शाळेत तो मुलांच्या हातावर चढवायचं काम तर त्यांच्या सुनेकडेच होतं. मृदुला तिथे पदार्थविज्ञान शिकवायची. "माझा हात तुझ्या ताब्यात दिलाय, सूनबाई. जपून वापर," असं अण्णा अधूनमधून चेष्टेनं म्हणत आणि मृदुला हसून पुढचं काम करी.

त्या यंत्राचं सरकारी नाव भलं लांबलचक होतं. सगळे त्याला बाही म्हणत. राखाडी रंगाची, मोज्यासारखी मऊ, कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत येणारी. तळहात आणि बोटं मोकळी. आपण मूठ वळतो तेव्हा मेंदूकडून स्नायूंना इशारा जातो आणि स्नायूंत अगदी क्षीण वीज जागी होते, व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढी. बाहीच्या अस्तरात विणलेल्या तारा ती वीज टिपत. कसबी माणसानं बाही चढवून आपलं रोजचं काम करायचं, की कुठला स्नायू कधी आणि किती जोरानं आवळला याचा आलेख तयार. त्याला हातलेख म्हणत. तो मुलांच्या बाहीत घातला की बाही उलटं काम करी. त्याच स्नायूंना, त्याच क्रमानं, हलकासा प्रवाह देई. मुलाचा हात कुणी ओढत नसे. मागे उभ्या असलेल्या माणसानं मनगटाला बोट लावून 'असं नाही, असं' म्हणावं, एवढंच वाटे. वीस-पंचवीस वेळा असं झालं की हात ती वाट आपली आपण धरी.

मृदुलानं अठरा वर्षं नुसत्या फळ्यावर शिकवलं होतं. 'हे शिकून पुढे काय, मॅडम?' या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसायचं. आता सकाळी वर्गात आघूर्णाचं, म्हणजे वस्तू फिरवणाऱ्या जोराचं, गणित व्हायचं आणि दुपारी दूध संघात तेच आघूर्ण पान्याच्या दांड्यातून मुलांच्या खांद्यापर्यंत यायचं. पान्याची दांडी लांब धरली की जोर कमी का लागतो, हे ज्या मुलाला तीन परीक्षांत कळलं नव्हतं त्याला ते एका दुपारी कळलं. तो घरी जाऊन वडिलांना ट्रॅक्टरचं चाक कसं खोलायचं ते शिकवू लागला. वडील शाळेत येऊन मृदुलाला सांगून गेले, की पोरगं शहाणं झालंय, जरा आवरा त्याला. असं कुणी सांगून गेलं की मृदुलाला देवापुढे दिवा लावताना हात जोडल्यावर काही मागायचं सुचत नसे.

अण्णांचा हातलेख सेपरेटरचा होता. सेपरेटर म्हणजे दुधातून मलई वेगळी काढणारं यंत्र. बाहेरून बघितलं तर पोटाशी फुगलेला पोलादी पिंप. आत एक जाड भांडं, आणि त्यात एकावर एक रचलेल्या शंभरावर पातळ चकत्या. भांडं मिनिटाला सहा हजार फेऱ्या घेऊ लागलं की जड दूध कडेला फेकलं जातं आणि हलकी मलई मधे जमते. रोज काम संपलं की हे सगळं उकलायचं, चकती न् चकती धुवायची, क्रमानं परत रचायची आणि वरची कडी खुणेला खूण भिडेपर्यंत आवळायची. शहरातल्या मोठ्या डेअऱ्यांत हे आपोआप होई. तालुक्याच्या संघांत मात्र तीस-चाळीस वर्षांची धडधाकट जुनी यंत्रं होती आणि त्यांना माणसाचा हात लागे. अण्णांनी आवळलेली कडी कधी गळली नाही की कधी अडकून बसली नाही. म्हणून तर शिक्षण मंडळानं राज्यभरातून त्यांचा हात निवडला होता.

हातलेख घेतल्यावर चार महिन्यांनी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं जरासं जड झालं, पण उजव्या हातातला जोर गेला तो गेलाच. चहाची कपबशी उचलता येईना. अण्णा तेही हसण्यावारी नेत. "गंमत बघ, उचलता येत नाही, पण चटका मात्र बरोबर कळतो," असं सांगत कप उजव्या तळहाताला टेकवून धरत आणि डाव्या हातानं पीत. आपला खरा हात आता मुलांच्या अंगात आहे, हा घरात बसलोय तो नुसता साचा, असं ते येईल-जाईल त्याला सांगत. ते सांगताना त्यांची मान किंचित वर होई.

अशात एका मंगळवारी दुपारी मंडळातून टिळेकर मॅडमचा फोन आला. हातलेख विभाग त्यांच्याकडे होता. बाई सरळ होत्या, वाकडं बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं, की पलीकडच्या जिल्ह्यातल्या एका संघात अकरावीतल्या मुलीनं सेपरेटर लावला. चकत्या बरोबर रचल्या, कडी बरोबर आवळली, घड्याळ लावून नऊ मिनिटं थांबली आणि दूध सोडलं. यंत्र आतल्या आत थरथरत होतं. कानांवर आवाज अडवणारी टोपणं असल्यानं तिला ऐकू गेलं नाही. भांडं घासलं, चकत्या चुरगळल्या, झाकणाचा तुकडा उडून तिच्या खांद्याला लागला. मुलगी आता ठीक होती.

"तिनं सगळं हातलेखाबरहुकूम केलंय. मी स्वतः तपासलं," टिळेकर मॅडम म्हणाल्या. "म्हणजे दोष हातलेखात आहे. 'सदोष' असा शेरा मारून तो काढून घ्यावा लागेल. तुमच्या सासऱ्यांचा आहे म्हणून आधी तुम्हाला कळवलं."

गुरुवारी आमच्याकडे वर्गातल्या आफरीनची सेपरेटर लावायची परीक्षा आहे, ती बघून ठरवा, एवढंच मृदुला कसंबसं म्हणाली.

"तुम्हाला काही ठाऊक आहे का, जे मला ठाऊक नाही?"

मृदुलानं बघते असं सांगून फोन ठेवला.

हातलेखातून काय गेलंय, ते तिला ठाऊक होतं.

यंत्राचं बटण दाबल्यापासून पूर्ण वेग यायला नऊ मिनिटं लागत. ती नऊ मिनिटं अण्णा जागचे हलत नसत. उजवा तळहात सेपरेटरच्या पोटावर टेकलेला, डोळे मिटलेले, आणि डाव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या बोटांच्या पेरांवरून फिरतोय. चार बोटांची बारा पेरं, अशा नऊ फेऱ्या. एकशे आठ वेळा देवाचं नाव. जप संपला की उजवा हात छातीला लावायचा आणि मग दुधाचा व्हॉल्व्ह उघडायचा. संघातले लोक त्या वेळात त्यांच्याशी बोलत नसत. नवा मॅनेजर आला की त्याला पहिल्या दिवशीच कुणीतरी सांगे, अण्णांचा नमस्कार होऊ द्या साहेब, मग विचारा.

हातलेख मंडळाकडे पाठवण्याआधी त्यातला रिकामा वेळ काढायचा असे. कोण कुठे थांबलं, पाणी प्यायलं, घाम पुसला, ते सगळं बाद. काढायच्या जागा बाहीचं यंत्र स्वतःच तांबड्या रंगात दाखवी. अण्णांची ती नऊ मिनिटं पहिल्यापासून शेवटपर्यंत तांबडी आली होती. 'स्नायू निष्क्रिय.' खरंच होतं ते; टेकलेला हात काही करतच नव्हता.

हे संपादन मृदुलाकडे होतं आणि ते बघून तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. सरकारी शाळांत जाणारा हातलेख, नाना घरची मुलं, आणि त्यात यंत्राला नमस्कार आणि नामस्मरण. उद्या एखादे पालक विचारतील, शाळेत हे काय चालवलंय? कुणी हसलं तर? घरी आपला देव आणि आपला दिवा तिला प्राणापलीकडे होता, पण तो शाळेच्या दारात आला की तिला का कोण जाणे अवघडल्यासारखं होई. यंत्रच काढ म्हणतंय, तर बरंच झालं. तिनं ती नऊ मिनिटं काढली आणि त्या जागी एक ओळ घातली, 'नऊ मिनिटं थांबा.' अण्णांना सांगितलं नाही. मूळ हातलेख तीन महिन्यांनी नियमाप्रमाणे आपोआप पुसला गेला. आणि आता पुन्हा घ्यायचा म्हटलं तर अण्णांच्या हातात पाना धरण्याइतकाही जोर नव्हता.

तिन्हीसांजेला ती घरी आली तेव्हा अण्णा अंगणात आरामखुर्चीत बसले होते. नवरा नोकरीमुळे हैदराबादला, सासूबाई जाऊन सहा वर्षं झालेली. घरात ही दोघंच. तिनं दिवा लावला आणि तशीच बाहेर येऊन पायरीवर बसली. मंडळाचा फोन, त्या मुलीचा खांदा, तो शेरा, सगळं सांगितलं. अण्णांनी पहिल्यांदा मुलीचं विचारलं. पोर ठीक आहे ना? तिनं ठीक आहे म्हटलं. मग आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, की चौतीस वर्षांत असं कधी झालं नाही, कुठेतरी माझंच चुकलं असेल. म्हातारपणी कडी ढिली आवळली गेली असेल.

मृदुलाला ते ऐकवेना.

"तुमचं नाही चुकलं, अण्णा. मी कापलं."

"काय कापलंस?"

"तुमचा नमस्कार."

अण्णांना उलगडा व्हायला वेळ लागला. तिनं पुन्हा नीट सांगितलं. यंत्रानं तो वेळ रिकामा दाखवला तेही, आणि आपल्याला लाज वाटली तेही. लाजेचा शब्द उच्चारताना तिनं मान खाली घातली.

अण्णा रागावले नाहीत. पण त्यांचा चेहरा असा झाला की त्यापेक्षा ते रागावलेले परवडले असते.

"देवाचं राहू दे," ते सावकाश म्हणाले. "ज्याला घ्यायचंय तो नाव घेईल, नाही तो नाही घेणार. पण हात ठेवायचा असतो, हे पोरांना सांगितलंच नाही कुणी?"

"मला वाटलं, तुम्ही नमस्कार करता."

"नमस्कारच करतो की. हात टेकवल्याशिवाय कळणार कसं तिचं काय चाललंय ते?" यंत्राला अण्णा 'ती' म्हणत. "दुसऱ्या फेरीत ती थरथरायला लागते. थंडी वाजल्यासारखी. चौथी फेरी संपायच्या आत थरथर थांबली, तर सगळं नीट आहे. नाही थांबली तर बंद करायचं, उघडायचं, बघायचं. चौतीस वर्षांत मी सतरा वेळा बंद केलंय. विचार संघात."

मृदुला ऐकत राहिली. थरथर येते आणि जाते. गेल्याच महिन्यात तिनं हा धडा फळ्यावर शिकवला होता.

प्रत्येक वस्तूला हलायची स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकललं तर हलक्या धक्क्यांनीही तो आभाळाला भिडतो. लय चुकवली तर कितीही जोर लावा, तो रडतखडत हलतो. याला अनुनाद म्हणतात. सेपरेटरच्या भांड्याचीही अशी एक लय असते. वेग वाढता वाढता त्या लयीशी गाठ पडली की भांडं थरथरतं, आणि वेग पुढे गेला की शांत होतं. पण चकत्यांत कुठे तसूभर घाण राहिली, एखादी चकती तिरकी बसली, की भांड्याचा तोल एका बाजूला जातो आणि थरथर जायचं नाव घेत नाही. ती पकडायला तळहातासारखं साधन नाही. कातडीखाली कांद्यासारख्या पापुद्र्यांचे बारीक दाणे असतात. केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहून लहान कंप त्यांना कळतो. मात्र हात स्वस्थ टेकलेला हवा, ताणलेला नको.

म्हणजे ज्या वेळी अण्णांचा हात सगळ्यात जास्त काम करत होता, त्याच वेळी बाहीला तो रिकामा दिसला होता. हात काय करतो ते बाहीला कळे. हात काय ऐकतो, ते नाही.

"आफरीनला उद्या घेऊन ये संघात," अण्णा म्हणाले. "आणि मला न्यायला रिक्षा सांग."

आफरीन मुजावर अकरावीतली. तिची आई शिवणकाम करायची, वडिलांचं स्टेशनजवळ गॅसशेगड्या दुरुस्तीचं दुकान. गुरुवारची परीक्षा जमली तर संघ तिला शिकाऊ म्हणून ठेवणार होता आणि पुढे दुग्धतंत्राच्या पदवीचा खर्चही उचलणार होता. बोलायला कमी, आणि एकदा विचारलेला प्रश्न उत्तर मिळेपर्यंत न सोडणारी.

बुधवारी सकाळी रिक्षातून अण्णा उतरले तसे संघातले चार-पाच जण कामं टाकून आले. कुणी हात धरला, कुणी खुर्ची आणली. एकानं विचारलं, "काय अण्णा, पगार चालू झाला का परत?" अण्णा म्हणाले, की पगार तुझाच घेईन, तू तरी कुठे काम करतोस. मग ते सेपरेटरपाशी गेले. दीड वर्षानं. डाव्या हातानं उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि यंत्राच्या पोटावर नेऊन ठेवला. ठेवल्यावर तो हात तिथे आपोआप राहिला. तिथे राहायला जोर लागतच नव्हता.

आफरीननं बटण दाबलं. अण्णांनी तिचा तळहात आपल्या हाताशेजारी ठेवायला सांगितलं. "दाबू नकोस. झोपलेल्या लेकराच्या अंगावर ठेवतात तसा ठेव," ते म्हणाले आणि डोळे मिटले. डावा अंगठा पेरांवर चालू लागला.

मृदुला बाजूला उभी होती. आता अण्णा काय सांगतील, आणि आफरीनला ते कसं वाटेल, या विचारानं तिचा जीव थोडा झाला होता. दुसऱ्या फेरीच्या मधे अण्णा पुटपुटले, "आली." आफरीनच्या भुवया वर गेल्या, तिलाही कळलं होतं. चौथ्या फेरीत ते म्हणाले, "गेली." तीही मान हलवून हो म्हणाली. नऊ फेऱ्या झाल्यावर अण्णांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं. बघता बघता त्यांचे डोळे तिच्या डाव्या हातावर थांबले. तिचा अंगठाही करंगळीच्या पेरावर टेकलेला होता.

"तू काय मोजत होतीस?" त्यांनी विचारलं.

आफरीन जरा लाजली. "तेच, अण्णा. आम्ही पण पेरांवरच मोजतो. अम्मीनं शिकवलंय. आमचं नाव वेगळं, पण वेळ तेवढाच लागतो."

अण्णा इतके खूश झाले की त्यांनी मॅनेजरला बोलावून ते परत तिच्याकडून वदवून घेतलं. ज्या गोष्टीची मृदुलाला वर्गासमोर लाज वाटली होती, ती या मुलीनं घरची भाजी-भाकरी असावी तशी सहज उचलली होती.

त्या दुपारी वर्गात मृदुलानं फळ्यावर मांडलं: एका नावाला पाच सेकंद, बारा पेरांची एक फेरी म्हणजे एक मिनिट, नऊ फेऱ्या म्हणजे नऊ मिनिटं. मुलांनी वेगवाढीचा आलेख काढला. थरथर कोणत्या वेगाला यायला हवी हे गणितानं शोधलं, तर उत्तर दुसऱ्या फेरीच्या मधोमध आलं. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, की मला देवाचं नाव घ्यायचं नसेल तर काय मोजू. मृदुला म्हणाली, सतराचा पाढा म्हण, तोही तुला येत नाही. वर्ग हसला. गेल्या दीड वर्षात तिला इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

गुरुवारी टिळेकर मॅडम आल्या. परीक्षा सुरू व्हायच्या आधी मृदुलानं त्यांना मॅनेजर, आफरीन आणि अण्णा या सगळ्यांसमोर सांगितलं, की हातलेख सदोष नाही, अपुरा आहे, आणि अपुरा मी केला. का केला, तेही सांगितलं. मंगळवारी फोनवर सांगायला हवं होतं, हेही. एका मुलीच्या खांद्याला लागलंय, तेव्हा शेरा मारायचाच असेल तर माझ्या नावापुढे मारा.

"मारावाच लागेल," टिळेकर मॅडम म्हणाल्या. "पुढची दोन वर्षं तुम्हाला हातलेखाचं संपादन करता येणार नाही. आणि अण्णांचं म्हणणं खरं आहे की नाही, ते मला बघितल्याशिवाय मान्य करता येणार नाही."

मृदुलानं मान हलवली. अण्णा खुर्चीत काठी धरून बसले होते. त्यांच्या हाताचं नाव राहणार की जाणार, ते आता सतरा वर्षांच्या एका मुलीच्या तळहातावर होतं.

आफरीननं चकत्या रचल्या, कडी आवळली. मनगट शेवटी किंचित आत वळवायची ती अण्णांची लकब, जशीच्या तशी. अण्णांनी ते बघितलं आणि आपल्या मांडीवर पडलेल्या हाताकडे बघितलं. तिनं कानांवर टोपणं चढवली, बटण दाबलं, तळहात टेकवला, डोळे मिटले. डावा अंगठा चालू लागला. टिळेकर मॅडमनी घड्याळ लावलं.

दुसरी फेरी. मृदुला तिच्या अंगठ्याबरोबर मोजत होती. तिसरी. चौथी. आफरीनचा चेहरा हलला नाही. पाचव्या फेरीच्या दुसऱ्या पेरावर तिचा अंगठा थांबला. तिनं डोळे उघडले आणि हात पुढे करून यंत्र बंद केलं.

टिळेकर मॅडमनी खुणेनं विचारलं, काय झालं? टोपणं काढून आफरीन म्हणाली, की थरथर गेली नाही, उघडून बघावं लागेल. परीक्षेची वेळ निघून जाईल याची आठवण मॅनेजरनं करून दिली. यंत्र तर नीट चाललेलं दिसत होतं, आवाजही रोजचाच वाटत होता. आफरीननं एकदा अण्णांकडे बघितलं. अण्णांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. ते खुर्चीत बसलेले, त्यांचा हात यंत्रावर नव्हताच. त्यांना काय कळणार होतं?

"माझ्या हाताला कळलंय," आफरीन म्हणाली. "मी दूध सोडणार नाही."

भांडं पूर्ण थांबायलाच पंचवीस मिनिटं गेली. मग कडी उकलली, चकत्या एकेक करून ओट्यावर मांडल्या. एकसष्टाव्या चकतीच्या खालच्या अंगाला, कडेशी, वाळून कडक झालेला साईचा पापुद्रा निघाला. अंगठ्याच्या नखाएवढा. सकाळी चकत्या आफरीननंच धुतल्या होत्या. तो तिच्या नजरेतून सुटला होता. तिनं तो टिळेकर मॅडमच्या हातावर ठेवला आणि सांगितलं, की हा माझ्याकडून राहिला.

टिळेकर मॅडम तो पापुद्रा उलटसुलट करून बघत होत्या. अशीच थरथर न थांबल्यानं पलीकडच्या जिल्ह्यात काय झालं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी घड्याळ बंद केलं, कागदावरचा वेळेचा रकाना आडव्या रेघेनं खोडला आणि खाली लिहिलं, 'उत्तीर्ण.' मग खुर्ची ओढून अण्णांच्या पुढ्यात बसल्या.

"अण्णा, ती नऊ मिनिटं पुन्हा मिळतील का आम्हाला?"

"हातात जोर नाही हो माझ्या."

"जोर कुठे लागतोय त्याला?" मृदुला म्हणाली.

अण्णांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि तिच्यापुढे धरला. मृदुलानं खाली बसून त्यांना बाही चढवली. अगदी हळू, बोटांच्या मुळाशी एकही सुरकुती राहू न देता. आफरीननं चकत्या पुन्हा धुतल्या, या वेळी दोनदा, पुन्हा रचल्या आणि बटण दाबलं. अण्णांचा तळहात यंत्राच्या पोटावर टेकला. त्यांनी डोळे मिटले. संघात सगळे आपोआप गप्प झाले.

"आली," अण्णा म्हणाले. आणि काही वेळानं, "गेली."

नऊ फेऱ्या झाल्या. त्यांना उजवा हात छातीशी नेता येईना, तेव्हा ते स्वतःच पुढे वाकले आणि छाती हाताजवळ नेली. आफरीननं दुधाचा व्हॉल्व्ह उघडला.

पडद्यावर हातलेख उमटला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट रेघ, आणि सवयीप्रमाणे यंत्रानं ती तांबडी करून ठेवलेली. संपादनाचा अधिकार गेला असला तरी टिळेकर मॅडमनी कळफलक मृदुलाकडे सरकवला आणि म्हणाल्या, ही एक ओळ तुम्हीच लिहा. मृदुलानं तांबडा रंग काढला आणि खाली लिहिलं: 'या वेळात हात ऐकतो आहे. यातलं काही काढू नये.'

अण्णा काठी टेकत जवळ आले. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी ती लांबच लांब सरळ रेघ निरखून पाहिली.

"शाळेत गुरुजी रोज छडी मारायचे," ते म्हणाले, "अक्षर सरळ येत नाही म्हणून. बघ, आलं शेवटी."